डावीकडची ढोलकी

अपेक्षाला डावीकडून हाक मारली की ती वळत नाही. आज दुपारी ती ओट्यापाशी चहा करत होती. मी तिच्या डाव्या खांद्यामागे उभी राहून म्हटलं, "साखर कमी टाकजो वं." तिने नेहमीसारखे चमचे भरून साखर टाकली, उकळी येऊ दिली, गाळून कप माझ्या हातात दिला.  मी तो गोड चहा संपवला, कप विसळून ठेवला. तेव्हापासून डोक्यात एकच चाललंय. हा कान परत आलाच नाही तर?

आता घर झोपलंय. घर म्हणजे आम्ही दोघीच. तिचे बाबा, धर्मपाल, अकोल्याला पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात आहेत, सुट्टीला तेवढे अमरावतीला येतात. अपेक्षा आतल्या खोलीत उजव्या कुशीवर झोपलीय. उजव्या कुशीवर झोपली की चांगला कान उशीत जातो. मग भांडं पडलं तरी तिला जाग येत नाही. मघाशी माझ्या हातून ताटली निसटली. ती हलली नाही.

फ्रिजवर गोळ्यांची पट्टी आहे. मंगळवारपासून सुरू करायच्या होत्या. आज शुक्रवार, आणि पट्टी दुकानातून आणली तशी भरलेली आहे.

पोरगी काय करते असं कुणी विचारलं तर मी सांगते, टायपिंगच्या क्लासात शिकवते. ते खोटं नाही. मराठी तीस, इंग्रजी चाळीस, दोन्ही परीक्षा तिने पहिल्या फटक्यात काढल्या. बाबांना वाटत होतं, आता क्लार्कची जाहिरात निघेल आणि पोरगी टेबलाला लागेल. जाहिरात निघायची, पुढे ढकलली जायची. एकदा परीक्षेची तारीख आली, तर ही त्या दिवशी चिखलदऱ्याला रॅपवाल्या पोरांबरोबर निघून गेली. बाबा चिडले, नको ते बोलले. तिने उलटून एक शब्द काढला नाही, पण तो अख्खा उन्हाळा ती त्यांच्याशी बोललीच नाही. ताट वाढायची, पाणी द्यायची, बोलायची नाही. शेवटी त्यांनीच माघार घेतली. हे इथे लिहिते, कारण अपेक्षा एकदा रुसली की कशी रुसते हे समजल्याशिवाय माझा पेच कळायचा नाही.

ती गात नाही. डीजेही नाही, हे मला शेजारपाजारी वारंवार सांगावं लागतं. डीजे तयार गाणं लावतो. ही रॅप म्हणणाऱ्याच्या मागे बसून तिथल्या तिथे ठोका तयार करते. म्हणणारा थांबला की ठोका थांबतो, तो चिडला की ठोका चिडतो. तिचं वाद्य म्हणजे क्लासवाल्या सरांनी भंगारात काढलेला एक लॅपटॉप. त्याच्यावर विंडोज उघडेपर्यंत माझा कुकर व्हायचा. मग शिवमने पेन ड्राइव्हवर विंडोजच्या जागी चालणारं लिनक्स आणून दिलं. शिवम म्हणजे अकोल्याचा मुलगा, इंजिनिअरिंगला अमरावतीला आला, आता मोबाइलच्या दुकानात आहे. वायरी, स्पीकर, जागा हे सगळं तोच बघतो. त्याने लॅपटॉपवर लिनक्स चढवलं आणि ते मेलेलं यंत्र उठून बसलं.

त्यात एक तालवाद्याचं सॉफ्टवेअर आहे, नाव हायड्रोजन. मी बी.एस्सी. केमिस्ट्री, घरी आठवी ते दहावीच्या विज्ञानाच्या शिकवण्या घेते. नाव ऐकून मला हसू आलं.

"आई, हे फुकट हाय," ती म्हणाली.

"चोरून घेतलं काय वं?"

"चोरून नाई बाप्पा. ज्यायनं बनवलं त्यायनंच ठेवलं हाय, घ्या म्हणून. आतमधी काय लिवलं तेबी पाहाले मिळते. बदलाचं असंल त बदला, दुसऱ्याले द्या."

"मंग त्यायले काय भेटते?"

"तुले शिकवणीतून काय भेटते?"

 माझ्याकडे निम्मी पोरं फुकटच शिकतात.

ठोके वाजवायला पॅड नावाची वस्तू मिळते, पण ती घेणं काही जमलं नाही. मग हिने लॅपटॉपच्या साध्या कळांवरच आवाज बसवले. टायपिंगच्या पहिल्या धड्याला बोटं जिथे ठेवतात, ए-एस-डी-एफ, तिथे डाव्या हाताखाली ढोलकी. उजव्या हाताखाली टीन, टाळी, घुंगरू, आमच्या अंगणातला हापसा. आवाज सगळे तिने मोबाइलवर स्वतः गोळा केलेले. हापश्याचा दांडा खाली येताना जो किंचाळतो, तो आवाज तिच्या ठोक्यात ऐकला तेव्हा मी पदर तोंडाला लावून हसले. एकदा मी खोलीच्या दारातून ओरडले होते, "आवाज कमी कर वं!" तोही तिने धरून ठेवला आणि एका कळेवर बसवला. आता कार्यक्रमाला आलेली पोरं तोच ऐकायला थांबतात. ती कळ दाबली की सगळा घोळका ओरडतो, "आवाज कमी कर वं!" आणि ही आवाज वाढवते.

पहिलं वर्ष तिचं उशिराशी भांडण्यात गेलं. कळ दाबली आणि ठोका ऐकू आला, यांच्यामध्ये लॅपटॉप जरासा वेळ खायचा. डोळ्याला तो दिसत नाही, बोटाला कळतो. तो कमी करायला गेलं की जुनं यंत्र धापा टाकायचं आणि आवाज फाटायचा. ती रोज क्लासवरून आली की पायातली चप्पल न काढता त्यापुढे बसायची. हे कमी कर, ते बंद कर, पुन्हा चालू कर. जगातल्या कुठल्या कुठल्या पोरांना इंग्रजीत विचारायची, त्यांची उत्तरं यायची. एका संध्याकाळी ती स्वयंपाकघरात आली, मला खुर्चीसकट ओढत खोलीत नेलं आणि एक कळ दाबली. धम्म.

"समजलं?"

"काय?"

"उशीर गेला न आई!"

मला काही समजलं नव्हतं. पण तिचा चेहरा दहावीच्या निकालालाही असा झाला नव्हता.

रविवारी ही रॅपवाली पोरं विद्यापीठाच्या रस्त्याला एका बंद पडलेल्या धाब्याच्या शेडमध्ये जमतात. मी दोनतीनदा डबा घेऊन गेले, तेव्हा पाहिलं. म्हणणाऱ्याला अपेक्षा दिसली पाहिजे, म्हणून ती समोर तिरपी बसते. तो मूठ वळतो, म्हणजे ठोका तोड. बोट फिरवतो, म्हणजे चालू ठेव. या सगळ्यांत मला आवडते ती आचल. बोरगावकडची, घरी कपाशी आणि तूर, ही अकोल्यात मावशीच्या पार्लरमध्ये काम करून बी.कॉम. करते. बोलते इतकी हळू की दोनदा विचारावं लागतं. आणि माइक हातात आला की वऱ्हाडीत अशी सुरू होते, की मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या मांडीवरचा डबा कलंडला. पार्लरमध्ये भुवया कोरताना बायका काय काय बोलतात, त्यावरच ती रचते.

"काकू, भाजी लय भारी," असं म्हणून ती तीन पोळ्या खाते. शिवम तिला चिडवतो, "खाय खाय, पोट रिकामं राहिलं त शब्द कुठून येतीन?" ती त्याला पायातली चप्पल दाखवते.

कान गेला हे गेल्या रविवारी तिवस्याच्या कार्यक्रमात कळलं. कधी गेला ते माहीत नाही.

मंडळाच्या पोरांनी चौकात मांडव टाकला होता. परतायला उशीर होणार म्हणून मीही बरोबर गेले आणि पुढे डावीकडच्या खुर्च्यांत जाऊन बसले. स्टेजवर बसणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकायला एक वेगळा छोटा स्पीकर लागतो. आमच्याकडे तो कधीच नसतो. त्यामुळे अपेक्षा मोठ्या स्पीकरांच्या ओळीलाच चिकटून बसते. सुरुवातीला ठीक चाललं होतं. मग ढोलकी वाढायला लागली. ती ढोलकी नेहमी डावीकडून सोडते आणि टीन, टाळी उजवीकडून. ढोलकी इतकी वाढली की माझ्या बरगड्या हलायला लागल्या. शेजारच्या म्हातारीने दोन्ही कानांवर हात ठेवले.

"अवं बाई, हा त फाडून राहिला!"

मागून कुणीतरी ओरडलं, "आवाज कमी कर वं!" सगळ्यांना वाटलं तो खेळच चाललाय. हसले, टाळ्या पडल्या. अपेक्षाने आणखी वाढवलं. तिच्या कपाळावर आठ्या होत्या. तिने शिवमला खूण केली, डावीकडची वायर गेली. शिवमने वाकून वायरींची अदलाबदल केली. ढोलकी उजवीकडे गेली, टीन डावीकडे आलं. आता ती टीन वाढवायला लागली. शिवम तिच्याकडे बघत उभा राहिला. आचलने म्हणता म्हणता मूठ वळली, तोड, तोड. ठोका तुटला आणि ती पुढचं सगळं नुसत्या तोंडाने म्हणाली. लोकांना तेच फार आवडलं.

"डावा स्पीकर बसला त्यायचा," परतताना जीपमध्ये अपेक्षा म्हणाली.

"बसला कुठी? मी तिथीच होती न," मी म्हटलं. "कान बसले माझे."

ती खिडकीबाहेर बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिकवणीची पोरं गेल्यावर मी तिच्या खोलीत डोकावले. ती खाटेवर बसून इअरफोन लावत होती. डाव्याचं उजव्यात, उजव्याचं डाव्यात. काढायची, उलटं करायची, पुन्हा घालायची. वायरीत दोष असेल तर तो वायरीबरोबर फिरतो, हे तिनेच मला कधीतरी सांगितलं होतं.

"बिघडला काय वं?"

"हा त चांगला हाय," ती म्हणाली. मग, "आई, माह्या डाव्या बाजूनं बोल बरं."

"काय बोलू?"

"काईपण."

 मी तिचंच नाव घेतलं. पुन्हा घेतलं. ती कपाटाच्या आरशात माझे ओठ पाहत होती.

"आरशात पाहू नको."

तिने उजव्या कानात बोट घट्ट घातलं आणि डोळे मिटले. मी म्हटलं, अपेक्षा. अपेक्षा, ऊठ. अपेक्षा, जेवून घे. ती तशीच डोळे मिटून बसून राहिली, आणि थोड्या वेळाने म्हणाली, "बोल न. बोलून काहून नाई राहिली?"

राजकमल चौकाजवळ कान-नाक-घशाचे एक डॉक्टर आहेत. मंगळवारी सकाळी गेलो. आधी तपासणी. काचेच्या छोट्या खोलीत बसवतात, कानांवर हेडफोन देतात, हातात एक बटण देतात. टुक असा बारीक आवाज आला की बटण दाबायचं. मी काचेतून बघत होते. अपेक्षा व्यवस्थित दाबत होती. माझ्या जिवात जीव आला. मग तपासणाऱ्या बाईंनी यंत्र थांबवलं, दार उघडलं.

"तुम्ही ऐकून दाबताय का?"

"हो."

"आता मी आवाज सोडलाच नव्हता. तरी तुम्ही दाबलं."

अपेक्षाचा चेहरा उतरला. बाई एका ठरावीक अंतराने आवाज सोडत होत्या आणि हिला ते अंतर सापडलं होतं. ऐकू येत नव्हतं, तरी पुढचा टुक कधी यायला हवा ते तिच्या बोटाला कळत होतं, आणि बोट दाबून मोकळं होत होतं. तिने मुद्दाम केलं नाही, हे मी शपथेवर सांगेन. बाईंनी पुन्हा सगळं केलं, या वेळी मध्येच थांबून, मध्येच घाई करून. कागदावर डाव्या कानाची रेघ खाली खाली गेली.

डॉक्टर भले माणूस होते. म्हणाले, पडदा चांगला आहे, नसेचा प्रश्न आहे. मी विचारलं, स्पीकरमुळे झालं का? ते म्हणाले, सांगता येत नाही, कधी मोठ्या आवाजाने होतं, कधी साध्या सर्दीच्या विषाणूने, कधी कारणच सापडत नाही. गोळ्या दिल्या. म्हणाले, "आजपासून. यात उशीर परवडत नाही. पहिल्या पंधरवड्यात जे परत येईल ते येईल. सगळ्यांचं येतंच असंही नाही. आणि मोठ्या आवाजाजवळ अजिबात जायचं नाही."

नववीला मी ध्वनीचा धडा शिकवते. पडद्यामागे तीन इवलीशी हाडं, हातोडी, ऐरण, रिकीब, आणि त्याच्या आत गोगलगाईच्या शंखासारखा भाग. वर्षानुवर्षं फळ्यावर ही आकृती काढतेय, नावं पाठ करून घेतेय. त्या दिवशी डॉक्टरांच्या भिंतीवर तीच आकृती रंगीत टांगलेली होती. मला तिच्यातलं सगळं माहीत होतं आणि मी काहीही करू शकत नव्हते.

परतताना ऑटोत ती माझ्या डाव्या हाताला बसली, म्हणजे तिचा उजवा कान माझ्याकडे. तेवढ्यात तिने तेही शिकून घेतलं होतं.

"आचलले सांगजो नको," ती म्हणाली.

"काहून?"

"तिले कळलं त ती मले येऊच देणार नाई. रविवार हाय न अकोल्याचा."

अकोल्याच्या रविवारचं मला माहीत होतं. आजवर शेडमध्ये आणि मांडवात झालं, हा पहिला मोठ्या सभागृहातला कार्यक्रम. आचलचे आईबाबा पहिल्यांदाच तिला ऐकायला येणार आहेत. एकदा पाहू, मग काय ते ठरवू, असं म्हणालेत. त्यांनी नाही म्हटलं तर पार्लर आणि कॉलेज, एवढंच तिच्याकडे उरेल.

"शपथ घे," अपेक्षा म्हणाली.

"शपथबिपथ नाई घेत मी."

"मंग मी तुह्याशी बोलणार नाई. बाबाशी केलं होतं तसं नाई. कायमचं."

ऑटोवाल्याने आरशातून पाहिलं. मी पर्समधून उगाच रुमाल काढला.

घरी आल्यावर मी पाण्याचा ग्लास आणि गोळ्यांची पट्टी घेऊन तिच्यासमोर उभी राहिले.

"घेतो न. रविवार होऊ दे."

"डॉक्टर काय म्हणाले, ऐकलं नाई काय?"

"ऐकलं. उजव्या कानानं ऐकलं." हे बोलून ती स्वतःच हसली. मी हसले नाही, तेव्हा तिने दोन्ही हात माझ्यापुढे आडवे धरले. बोटं सरळ, स्थिर. "पाह्य. या गोळीनं हात थरथरतात. झोप उडते. म्या वाचलं सगळं."

"सगळ्यायचेच थरथरत नाईत."

"माहे थरथरले त? ठोका मागंपुढं झाला त? आचल त्याच्यावर पाय ठेवते आई. पायरी हालली त ती पडंल न तोंडावर. अन् मायबाप बसून राहतीन समोर."

"तूच म्हणते न, हे कोणाच्या बापाचं नाई, कोणीबी घ्यावं. मंग शिवमले दे सगळं. तो वाजवंल."

"फाइल देतो न. घे म्हणा. हात कसा देऊ?" आणि मग, "शिवमचा ठोका पाह्यला तू? गचके खाणारी एसटी हाय ते."

पट्टी मी तशीच पुन्हा फ्रिजवर ठेवली. चोवीस वर्षांच्या पोरीचं तोंड उघडून औषध टाकता येत नाही. लहानपणी नाक दाबून पाजायचे, रडायची, पण गिळायची.

बुधवारी मी एक वेडेपणा केला. शिकवणी लवकर सोडली आणि तिला म्हटलं, मला शिकव. ती इतक्या दिवसांत पहिल्यांदा खळखळून हसली. पण शिकवलं. माझी बोटं कळांवर ठेवली, ए-एस-डी-एफ, अंगठा बाजूला, मनगट वर. क्लासात शिकवते तसंच. एक साधा ठोका लावला आणि म्हणाली, याच्याबरोबर मार. मी कान देऊन ऐकत होते, ठोका आला की मारत होते. प्रत्येक वेळी मागे पडत होते.

"तू ऐकून मारते," ती म्हणाली. "ऐकून मारलं त उशीरच होते. येणार हाय हे अगोदर समजलं पायजे."

मी पुन्हा पुन्हा केलं. घाम आला. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. "जा आई, भाजी करपून राहिली."

भाजी खरंच करपत होती.

गुरुवारी मी तिच्या बाबांना फोन केला. ती अंघोळीला गेली होती. सगळं सांगितलं.  त्यांच्या मागे ऑफिसातल्या कुणाचं तरी चहावरून भांडण चाललं होतं.

"तुमी बोला तिच्याशी," मी म्हटलं.

"मी बोललो त उलटं करंल. तुले मायीत हाय."

"मंग असंच बसाचं काय?"

"मी रविवारी जातो न पाहाले. मांगं बसतो, तिले दिसणार नाई." मग आवाज खाली गेला. "अवं, दुसरा त चांगला हाय न? उजवा?"

"हो."

"मंग..." ते पुढे बोललेच नाहीत. मी फोन ठेवला. त्यांना काय म्हणायचं होतं ते मला कळलं. दिवसभर मीही तेच स्वतःला सांगत होते. एक तर आहे. एका कानाने माणसं जगतात, नोकऱ्या करतात. पण आमची पोरगी ढोलकी डावीकडे ठेवते. त्या बाजूचा आवाज आता तिच्यासाठी नुसता लॅपटॉपच्या पडद्यावरचा हलणारा पट्टा आहे. आज संध्याकाळी ती डोळ्यांनी तो पट्टा पाहत डावी बाजू जुळवत होती. मध्येच थांबून डाव्या कानावर तळहात दाबायची, सोडायची. कानात सारखी शिट्टी वाजते म्हणाली. कुकरसारखी नाही, लांबच्या रेल्वेसारखी. बडनेऱ्याला फाटकापाशी उभं राहिल्यावर ऐकू येते तशी.

"दुखते काय?"

"दुखत नाई. नुसती येऊन राहिली, येऊन राहिली. पोचतच नाई."

उद्या सकाळी बडनेऱ्याहून ती अकोल्याची गाडी पकडणार. शनिवारी दिवसभर सभागृहात आवाज जुळवायचा, रविवारी कार्यक्रम. म्हणजे दोन दिवस मोठ्या स्पीकरांना चिकटून, एकही गोळी न घेता. सोमवारपासून घेतो म्हणते. सोमवार येईपर्यंत डॉक्टरांनी दिलेल्या मुदतीतलं काय उरलं असेल, ते मला ठाऊक नाही. कान नेमका कधी गेला तेच माहीत नाही, तर पंधरवडा धरायचा कुठून?

मी सगळ्या बाजूंनी विचार करून पाहिला. गोळी पाण्यात विरघळवून देण्याचा विचारही केला, वाटी घेतली, आणि ठेवून दिली. तिच्या अंगात तिला न विचारता काही घालणं माझ्याने होणार नाही. लॅपटॉप लपवावा, तर ती शिवमच्या लॅपटॉपवर सगळं पुन्हा उभं करेल. सॉफ्टवेअर फुकट आहे, जिथे जाल तिथे मिळतं. सगळं एका पेन ड्राइव्हमध्ये मावतं. दार लावून तिला अडवता येत नाही, ती लहान पोर नाही.

एकच गोष्ट माझ्या हातात आहे, ती अपेक्षानेच ऑटोत माझ्या हातात दिली. आचलला कळलं तर ती येऊ देणार नाही. हे खरं आहे. मी त्या मुलीला जेवताना पाहिलंय, शेवटचा घास शिवमला देऊन मग हात धुते. तिला मी सांगितलं, तर ती आपला रविवार सोडून देईल. किंवा शिवमच्या गचक्यांवर उभी राहील, किंवा तिवस्याला म्हणाली तशी नुसत्या तोंडाने म्हणेल, आणि तिच्या बाबांना ते आवडेल की नाही हे मी कसं सांगू? मी माझ्या पोरीचं संकट घेऊन दुसऱ्या आईच्या पोरीकडे जाणार, आणि तिचा रविवार मागून घेणार. ती नाही म्हणणार नाही, म्हणून तर मला तिला फोन करायची लाज वाटते.

आणि मग अपेक्षा. उद्या नाही तर परवा तिला कळेलच कुणी सांगितलं. ती रडणार नाही, ओरडणार नाही. ताट वाढेल, पाणी देईल. तिच्या बाबांनी एक उन्हाळा काढला. मला किती काढावा लागेल, माहीत नाही.

हे लिहायला बसले तेव्हा वाटलं होतं, सगळं नीट मांडलं की वाट दिसेल. तशी काही दिसली नाही. सकाळपर्यंत थांबले, तर ती बॅग भरताना गुणगुणेल, आणि माझं तोंड उघडणार नाही, हे मात्र दिसलं. आचल या वेळी जागी असणार, ती रात्री घोकत बसते असं शिवम नेहमी म्हणतो. तिचा नंबर माझ्याकडे आहे. एकदा भाजी कशी केली ते विचारायला तिनेच फोन केला होता.

मी अंगणात जाते, दार ओढून घेते आणि तिला फोन लावते.